‘पूर्वी कुठे फवारत होते?’

शेतीवरच्या परिसंवादात, विषमुक्त अन्नाच्या मेळाव्यात, आणि आता तर शहरातल्या भाजीच्या गाड्यापाशीही एक प्रश्न हमखास ऐकू येतो : पूर्वी कुठे फवारत होते? विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षा नसते, कारण त्याच्या मते ते उघडच आहे. हे मत आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याविरुद्ध बोलणारा माणूस कंपन्यांचा वकील ठरतो. तो धोका पत्करून मी या मताचे खंडन करायला बसलो आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. तो असा : आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतात गावरान बियाणे होते, शेणखत होते, मिश्र पिके होती, त्यामुळे रोगकीड नव्हती, किंवा असली तरी नगण्य होती. संकरित वाण आणि रासायनिक खते आली, पिके नाजूक झाली, आणि ज्यांनी हे दुखणे आणले त्यांनीच पुढे त्यावरचे औषध विकायला काढले. शेतकऱ्याला फवारणीचे व्यसन लागले. निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ दिले तर मित्रकीटक शत्रुकिडींचा बंदोबस्त आपोआप करतात. आणि फवारायचेच झाले तर झाडपाल्याचे अर्क आहेत; ते नैसर्गिक, म्हणून निर्धोक. ही मांडणी करणारे बहुतेक लोक सद्हेतूचे आहेत. त्यांच्या म्हणण्यात एका जागी मोठे सत्यही आहे आणि त्याच्याशी मला पुढे भिडायचे आहे. पण एकंदर निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत तो काढणारे मोजत नाहीत. ऐन फुलोऱ्यात ज्याच्या बागेवर पाऊस कोसळतो, त्याला ती मोजावी लागते.

पहिल्यांदा ‘पूर्वी’चा निकाल लावू. संस्कृत परंपरेने पिकांवर येणाऱ्या संकटांना ‘ईती’ म्हटले आणि त्या सहा मोजल्या : अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवर येऊन ठेपलेले राजे. सहांपैकी तीन पीक खाणारे जीव आहेत. ज्या समाजाने उंदीर आणि टोळ यांना परचक्राच्या बरोबरीने मोजले, त्याच्या शेतात कीड नगण्य होती असे कसे म्हणावे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाच्या, म्हणजे सरकारी शेतीच्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात बियाण्यावर करायच्या प्रक्रिया दिल्या आहेत; उसाच्या बेण्याच्या कापलेल्या टोकांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप द्यायला तिथे सांगितले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ झाडांच्या रोगांची वात-पित्त-कफ अशी वर्गवारी करतो आणि वावडिंग, मोहरी यांसारख्या द्रव्यांचे लेप, धुऱ्या, शिंपणी सांगतो. ‘कृषिपराशर’ या ग्रंथात तर भाताच्या रोगांवर मंत्र दिलेला आहे. ज्या दुखण्यावर मंत्र रचावा लागतो ते दुखणे किरकोळ नसते. आपल्या पूर्वजांनी हातात जे होते ते सगळे वापरून पाहिले. त्यांनी काही केले नाही असे म्हणणे हा त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे.

ते सगळे पुरत नव्हते, याचाही पुरावा आहे. विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नर्मदेच्या खोऱ्यातल्या गव्हावर पडलेल्या तांबेऱ्याचे वर्णन केले आहे. मैलोन्‌मैल उभे असलेले पीक काही दिवसांत गेले, आणि लोकांनी त्या अरिष्टाचा संबंध व्यभिचार, गोहत्या अशा पापांशी जोडला, असे तो लिहितो. १८३० च्या आगेमागेची ही हकिकत आहे. तेव्हा त्या खोऱ्यात ना संकरित वाण होता, ना युरियाची गोणी. बियाणे गावरान, खत शेणाचे, बैल घरचे. तरीही गहू गेला.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो ज्वारीचा पुरावा, कारण तो आपल्या अंगणातला आहे. ज्वारीला काणी पडते हे आज चाळिशीच्या आतल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी फक्त ऐकलेले असते. कणीस बाहेर पडते, पण दाण्याच्या जागी मळकट राखी पिशव्या भरलेल्या. बोटाने चोळली की आतून काळी भुकटी निघते. हा रोग येतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. मळणीत त्या पिशव्या फुटतात आणि भुकटी, म्हणजे बुरशीचे बीजाणू, शेजारच्या निरोगी दाण्यांना चिकटते. त्याच राशीतले चांगले टपोरे दाणे शेतकरी पुढच्या पेरणीला राखून ठेवतो. ते रुजताना बुरशीही रुजते, ताटाच्या आतून कुणाला न कळता वर चढते, आणि कणीस पोटरीतून बाहेर पडेपर्यंत शेतात काहीही दिसत नाही. दिसते तेव्हा उपाय संपलेला असतो. म्हणजे घरचे, पिढ्यान्‌पिढ्या राखलेले गावरान बियाणे, ज्याला आज आपण शुद्धतेची खूण मानतो, तेच या रोगाचे वाहन होते. कितीही शेणखत घाला, कितीही मिश्र पीक घ्या, दाण्याला चिकटलेला बीजाणू त्याने मरत नाही.

मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांनी केलेले काम १९१८ मध्ये पुसा येथील कृषी संशोधन संस्थेने पत्रिका म्हणून प्रसिद्ध केले. पेरणीआधी बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवावे, हा त्या काळातला उपाय. पुढे त्याहून सोपा उपाय आला : किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळायची. मडक्यात बी आणि गंधक घालून हलवले की झाले. इतक्या थोड्या खर्चात दाणेकाणी मराठी मुलखातल्या शेतांतून जवळजवळ दिसेनाशी झाली. आणि ती दिसेनाशी झाली म्हणूनच आज आपल्याला वाटते की ती नव्हतीच. पीकसंरक्षणाच्या साधनांचे यश असे स्वतःचाच पुरावा पुसून टाकते. गंधक आणि मोरचूद ही रसायने आहेत, हे इथे लक्षात ठेवावे.

कोकण-गोव्याच्या कुळागरांतही हीच कथा. पावसाळ्यात सुपारीच्या कोवळ्या फळांना कोळेरोग लागतो आणि ती कुजून गळतात. म्हैसूर संस्थानातले बुरशीतज्ज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास त्यावर बोर्डो मिश्रणाची फवारणी बसवून दिली. आजही पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मारला आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी केली की सुपारी तग धरते.

संकरित वाणांनी नवी दुखणी आणली हे मात्र खरे आहे. लवकर निसवणारी संकरित ज्वारी पावसात सापडून काळी पडू लागली. एकाच वाणाखाली शेकडो एकर आले, पाणी आणि नत्र वाढले, मावा-तुडतुड्यांना कोवळा पाला बारमाही मिळू लागला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून ‘पूर्वी नव्हते’ असे निघत नाही. पूर्वी वेगळे होते, एवढेच निघते.

आता ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या समजाकडे वळू. तंबाखूचा काढा हे मावा मारायचे जुने घरगुती औषध. त्यात मारक असते ते निकोटीन, आणि ते माणसालाही झपाट्याने मारू शकणारे विष आहे. त्यापासून बनवलेल्या निकोटीन सल्फेट या कीटकनाशकाच्या वापराला आपल्या देशात बंदी आहे. उलट बाजूने पाहा. हरभऱ्यातल्या घाटे अळीवर आज जे इमामेक्टिन बेन्झोएट सर्रास फवारले जाते, त्याचे मूळ जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाने तयार केलेल्या द्रव्यात आहे. त्या द्रव्यकुळाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले, कारण त्याच कुळातल्या औषधाने माणसाचे जंतरोग बरे होतात. स्पिनोसॅड हेही मातीतल्या जिवाणूचे देणे. सेंद्रिय शेतीत ते चालते, पण फवारा ओला असताना त्यावर मधमाशी बसली तर मरते. अ‍ॅझॉक्सीस्ट्रॉबिन या बुरशीनाशकाची कल्पना पाइनच्या बोंडांवर उगवणाऱ्या एका अळिंबीवरून सुचली. यांतले नैसर्गिक कोणते आणि रासायनिक कोणते? आणि ती रेघ सापडली तरी तिच्यावरून धोका किती, हे कसे कळणार?

सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या द्राक्षबागेत फवारणी होत नाही, असा शहरी ग्राहकाचा पक्का समज असतो. तिथे ताम्रयुक्त बुरशीनाशके मारायला परवानगी आहे, आणि मारावी लागतात. तांबे हे मूलद्रव्य. ते विघटित होत नाही, जमिनीत साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी त्यावर मर्यादा घातली आहे. मी बोर्डोच्या विरोधात नाही, वर त्याचे गुणगानच केले आहे. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक द्रव्याचा विचार त्या त्या द्रव्यापुरता करावा लागतो : ते कुणाला मारते, किती मात्रेत, किती दिवस टिकते, पाण्यात उतरते का. जात विचारून निकाल देता येत नाही.

आणि काहीच न केलेले पीक शुद्ध असते, हाही भ्रमच. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन सुमारे चारशे माणसे यकृताच्या विकाराने आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. विष होते अफ्लाटॉक्सिन, आणि ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. बहुतेक रुग्ण गरीब आदिवासी होते, ज्यांच्याकडे काळा पडलेला मका फेकून दुसरा आणण्याची ऐपत नव्हती.

निसर्गाचा तोल, या युक्तिवादाला उत्तर द्यायला द्राक्षाइतके चांगले पीक नाही. द्राक्षावरचा डाऊनी, म्हणजे केवडा, मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या रानवेली हजारो वर्षे त्याच्यासोबत राहिल्या आणि निगरगट्ट झाल्या. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि तिथल्या वेलींनी त्याच्यापुढे मान टाकली, कारण त्यांनी त्याला कधी पाहिलेच नव्हते. आपल्या नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांतली थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही सगळी त्याच युरोपीय द्राक्षजातीची. या वेलीत आणि या बुरशीत तोल नाही आणि निसर्गाने तो कधी साधलेलाही नव्हता. तो वेगळा साधावा लागला. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे १८८२ मध्ये मेडोक भागातून जात असताना त्यांना दिसले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत आहेत आणि आतल्या वेली उघड्या पडल्या आहेत. चोरांनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मालकाने मोरचूद आणि चुना शिंपडला होता. तीन वर्षांच्या प्रयोगानंतर १८८५ मध्ये मिलार्दे यांनी ते मिश्रण जाहीर केले. त्या शहराचे नाव घेऊन ते जगभर गेले, आणि आज खेड्यातला बागायतदारही शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना हे प्रमाण तोंडपाठ सांगतो. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का ते पाहतो, चढला तर आणखी चुना घालतो.

फळछाटणीनंतरचे दिवस ज्यांनी बागेत काढले आहेत त्यांना सांगायला नको. पोंगा निघतो, दोडा दिसतो, फुलोरा येतो, आणि त्याच पंधरवड्यात परतीचा पाऊस रेंगाळतो. पानावर पाणी काही तास राहिले की बीजाणूंतून निघालेले जीव त्या पाण्यात पोहत पानाच्या खालच्या छिद्रांतून आत शिरतात. काही दिवसांनी वर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि घडावर बसला तर घडच काळा. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाच्या पावसाने आणि त्यामागून आलेल्या डाऊनीने राज्यातल्या द्राक्षपट्ट्यात जो हाहाकार केला, तो तिथले लोक विसरलेले नाहीत. अशा वेळी बागायतदार रात्री दोन वाजता ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो, चिखलात चाके रुततात, तरी सकाळच्या आत फवारा पुरा करतो. याला व्यसन म्हणणाऱ्याने एकदा तरी त्या रात्री त्याच्या बांधावर उभे राहावे. एकरी लाखांचे कर्ज उचलून उभी केलेली बाग एका आठवड्यात जाते की राहते, हा तिथे प्रश्न असतो.

त्याच द्राक्षाने दुसरी गोष्टही शिकवली. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि निर्यात संकटात आली. त्यातून अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेने उर्वरित अंशांवर देखरेखीची योजना आखली, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे तिची तांत्रिक जबाबदारी आली, पुढे ‘ग्रेपनेट’मध्ये निर्यातीच्या बागांची नोंदणी सुरू झाली. कोणते औषध चालते, काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, याची यादी दरवर्षी निघू लागली. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडून पुन्हा फटका बसला, आणि तपासणी आणखी कडक झाली. या सगळ्यातून बागायतदाराने फवारणी सोडली नाही. त्याने वही ठेवायला सुरुवात केली. कधी काय मारले, किती मारले, का मारले. तीच बाग, तीच बुरशी, तीच औषधे, आणि द्राक्ष युरोपच्या कसोटीला उतरू लागले. आपल्या बाजारात येणाऱ्या टोमॅटो-वांग्यांसाठी अशी शेतवार तपासणी होत नाही, हा माझा खरा राग आहे. विषमुक्त अन्नाची मागणी करणाऱ्यांनी तो राग माझ्यासोबत धरावा.

आता पूर्वपक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण. ते इंडोनेशियाचे आहे. तिथे सरकारने भातासाठी कीटकनाशके मोठ्या सवलतीत वाटली आणि तपकिरी तुडतुड्यांनी भातच खाऊन टाकला, कारण फवाऱ्याने तुडतुड्यांना खाणारे कोळी आधी मेले. १९८६ मध्ये सुहार्तो यांनी भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली, पुढे सवलतही काढून घेतली, आणि भाताचे उत्पादन घटले नाही. पूर्वपक्षाचे लोक हे उदाहरण देतात ते योग्यच आहे. आपल्याकडे १९८७ मध्ये आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम भागात कपाशीवरच्या बोंडअळीने पायरेथ्रॉइड औषधांना दाद देणे बंद केले, तेही याच जातीचे. एकच औषध पुन्हापुन्हा, गरज नसताना, जास्त मात्रेत मारले की कीड त्याला पचवते, मित्रकीटक मरतात आणि पुढचे वर्ष आदल्याहून वाईट जाते. हे पूर्वपक्षातले मोठे सत्य, आणि ते मी पूर्णपणे मान्य करतो.

पण इंडोनेशियाने केले काय, ते नीट पाहू. त्या देशाने शेतकऱ्याला निसर्गाच्या हवाली केले नाही. प्रतिकारक वाण दिले, शेतात उतरून किडी आणि कोळी मोजायला शिकवणाऱ्या शेतीशाळा उघडल्या, आणि मोजल्यावर गरज निघाली तरच फवारा, असा नियम बसवला. कीड किती झाली म्हणजे फवारणीचा खर्च परवडतो, ही ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ची कल्पना १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी मांडली; तिच्यात फवाऱ्याला जागा आहे, शेवटची असली तरी. मित्रकीटकही आपोआप येतातच असे नाही. २००८ मध्ये कोइमतूरला दिसलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण आपल्याकडे पसरला तेव्हा त्याचा परजीवी कीटक भारतात नव्हताच. तो २०१० मध्ये पोर्टो रिकोहून मागवला, वाढवला, सोडला, तेव्हा पपई आणि तुती वाचली. त्यामागे प्रयोगशाळा होती. २०१८ मध्ये मूळची अमेरिकेची लष्करी अळी आपल्या मक्यावर उतरली तेव्हा मात्र असा कुठलाही मित्र तयार नव्हता, आणि ज्यांनी पोंग्यात वेळेवर औषध टाकले त्यांचा मका राहिला.

कंपन्यांची जाहिरातही मला खरी मानायची नाही. जर्मन संशोधक ओर्के यांनी २००६ मध्ये मांडलेला जगाचा हिशेब असा : काहीच संरक्षण केले नाही तर गव्हाचे सुमारे निम्मे आणि कपाशीचे ऐंशी टक्क्यांहून अधिक पीक जाऊ शकते, सगळे उपाय केल्यावरही या दोन्हींत २६ ते २९ टक्के जातेच. आणि चाळीस वर्षांत कीटकनाशकांचा वापर वाढूनही नुकसानीचे प्रमाण फारसे घटलेले नाही, असे त्यांनीच नोंदवले आहे. म्हणजे संरक्षणाविना निर्वाह नाही, आणि जास्त औषध म्हणजे जास्त पीक हेही खोटे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. प्रत्येक पक्ष आपल्या सोयीची ओळ वाचतो.

उरले यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. या विषयावर लिहिणाऱ्या कुणालाही त्या मृत्यूंना वळसा घालून पुढे जाता येणार नाही. पण ते मृत्यू कशाने झाले, हे सांगणे त्या माणसांचे देणे आहे. त्या वर्षी कपाशी छातीपर्यंत, काही ठिकाणी डोक्यापर्यंत वाढली होती. फवारा वरून तोंडावर पडत होता. अंगात साधा सदरा, पायांत काही नाही, हातमोजे नाहीत, तोंडाला फार तर रुमाल. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याची पद्धत, मजुरीवर दिवसभर पाठीला पंप, एका शेतातून दुसऱ्या शेतात. सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधे श्वासावाटे जातात तशी कातडीतूनही अंगात भिनतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण काय सांगतो, हेही नाही. माहितीपत्रक असते ते भिंगातून वाचावे इतक्या बारीक अक्षरांत.

याहून दुःखाची गोष्ट अशी की त्यांतला बराचसा फवारा वायाच जाणारा होता. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि भोक बुजते. डोमकळी, म्हणजे न उमलता मिटून राहिलेले फूल, दिसेपर्यंत ती आत सुखरूप असते. बीटी कपाशीला ती पचवून बसल्याचे गुजरातेत २०१० मध्येच दिसून आले होते. तिच्यावर खरा उपाय म्हणजे कामगंध सापळ्यांतले पतंग मोजणे, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की योग्य औषध एकदा मारणे, नर-मादीची गाठ पडू न देणारे गंधाचे दोर शेतात बांधणे, आणि डिसेंबरात पीक काढून फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढे लांबवलेले पीक, न घेणे. सापळ्यातली गंधाची वडी आणि तो दोर हीही पीकसंरक्षणाची साधनेच आहेत, तीही कारखान्यात तयार होतात, पण माणसाला इजा करत नाहीत. यवतमाळच्या मजुराच्या हाती ती पोहोचली नाहीत. पोहोचला तो भडक रंगाचा डबा आणि दुकानदाराचा सल्ला. निदान करणारा आणि औषध विकणारा हा एकच माणूस असेल, तर औषध जास्तच विकले जाणार. आपल्या बहुतेक तालुक्यांत आज तेच चालू आहे.

काही औषधे काढूनच टाकावी लागतात, यात वाद नाही. कासरगोडच्या काजूबागांवर विमानातून फवारलेल्या एंडोसल्फानने तिथल्या कुटुंबांचे जे केले त्यानंतर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली, ती हवीच होती. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉसला २००५ मध्येच मनाई झाली. आणखी काही नावे त्या यादीत जायला हवीत. पण प्रत्येक औषधाचा असा स्वतंत्र निकाल लावण्यालाच माझा पाठिंबा आहे. सरसकट ‘विष’ म्हटल्याने एंडोसल्फान आणि गंधक एका रांगेत बसतात, आणि ज्याच्याकडे वाईट औषध आहे त्याला चांगले मागण्याची भाषाच उरत नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून राज्याने कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे ‘क्रॉपसॅप’, सुरू केला. ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे विद्यापीठाकडे पाठवायचे, पातळी ओलांडली की गावाला संदेश द्यायचा. कल्पना उत्तम होती आणि आहे. तिला माणसे पुरवणे, त्यांना वेळेवर पगार देणे, मोजणी कागदावर न होता शेतात होते आहे हे पाहणे, एवढेच करायचे आहे.

फवारणीविरुद्ध मेळावे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमचा आवाज मंत्रालयापर्यंत जातो, यवतमाळच्या मजुराचा जात नाही. तो आवाज वापरून फवारणी बंद करा असे म्हणण्याऐवजी चार गोष्टी मागा : प्रत्येक तालुक्याला औषध न विकणारा एक रोगकीड-तज्ज्ञ, पंपाच्या किमतीतच हातमोजे, मुखवटा आणि अंगभर कपडे, डब्यावर वाचता येईल अशा मोठ्या अक्षरातली मराठी, आणि नाशिकच्या द्राक्षाला लागू असलेली तपासणी आपल्या मंडईतल्या वांग्यालाही. यांपैकी एकही मागणी शेतकऱ्याच्या विरोधात नाही, आणि एकीलाही पुढच्या खरिपापर्यंत थांबण्याचे कारण नाही.